समतोलाचे रूपक आणि समुद्रघोड्याची भूक

घरगुती मत्स्यालयाचा इतिहास लिहिणारे बहुधा काच आणि पाणी यांच्यापासून सुरुवात करतात. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. समुद्राचे पाणी पिंपांतून शहरात येऊ लागले. पुढे ते पाणी घरच्या घरी क्षार मिसळून बनवता येऊ लागले. ही सारी माहिती सहज मिळते. त्या पाण्यात राहणारा मासा खात काय होता, आणि ते अन्न त्याला कोण आणून देत होते, हा प्रश्न मात्र तळटीपेत जातो. प्रस्तुत लेखात आम्ही हा तळटीपेतला प्रश्न मध्यभागी आणू इच्छितो. तसे केल्यास गेल्या पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास काहीसा वेगळा दिसू लागतो, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या एका लोकप्रिय रूपकाकडेही नव्याने पाहावे लागते. ते रूपक म्हणजे 'समतोल'.

यासाठी आम्ही साक्षीला घेतला आहे समुद्रघोडा. पुष्कळ मासे मेलेले, वाळवलेले, दाणेदार असे कोणतेही अन्न निमूटपणे खातात. त्यामुळे त्यांच्या अन्नाचा प्रश्न कधी प्रश्न म्हणून उभाच राहत नाही. समुद्रघोड्याची गोष्ट वेगळी. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. शेपटी समुद्रगवताच्या पात्याला गुंडाळून तो तासन्‌तास एका जागी उभा राहतो. त्याचे दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरू शकतात. एखादा सूक्ष्म कवचधारी जीव टप्प्यात आला की तो डोके क्षणार्धात वर झटकतो आणि नळीसारख्या तोंडाने तो जीव पाण्यासकट ओढून घेतो. ही सारी रचना हालणाऱ्या भक्ष्यासाठी घडलेली आहे. समुद्रातून पकडून आणलेल्या समुद्रघोड्यासमोर मेलेले अन्न पडले तर बहुधा तो त्याकडे पाहतो, आणि पाहतच राहतो. जठर नसल्याने गिळलेले अन्न साठवून ठेवण्याची सोय नाही. ते आतड्यातून लवकर पुढे सरकते, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. शिवाय तो संथ पोहणारा असल्याने चपळ माशांच्या पंगतीत त्याच्या वाट्याला काही उरत नाही. अशा माशाला घरात पाळणे म्हणजे त्याच्या भक्ष्यालाही घरात पाळणे होय. आणि भक्ष्य जिवंत ठेवायचे तर भक्ष्याच्या अन्नाचीही तजवीज करावी लागते.

२

मत्स्यालयाच्या आरंभकाळात ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, याला कारण आहे. १८५० साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. सुमारे १२ गॅलनांच्या पात्रात त्यांनी दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही गोड्या पाण्यातली वनस्पती ठेवली होती. मासे जो वायू सोडतात तो वनस्पती घेते, वनस्पती जो वायू सोडते तो मासे घेतात, आणि पाणी न बदलता दोघेही जगतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाने कुजून पाणी नासू लागले तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि शेवाळ साफ केले, आणि त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. अशा रीतीने प्राणी आणि वनस्पती यांच्यातला समतोल पूर्ण झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा समतोल मुख्यतः वायूंचा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. अन्नाचा उल्लेख येतो तो गोगलगायींच्या अंड्यांपुरता, जणू एक आनुषंगिक लाभ म्हणून. पुढे हीच कल्पना खाऱ्या पाण्याला लावली गेली. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचा 'द अक्वेरियम' हा ग्रंथ आला आणि समुद्र दिवाणखान्यात आणण्याची लाट इंग्लंडभर पसरली. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जली यांचे 'ग्लॉकस', १८५८ मध्ये जॉर्ज हेन्री लुइस यांचे 'सी-साइड स्टडीज' अशी पुस्तके एकामागोमाग एक प्रसिद्ध झाली. लुइस यांच्याबरोबर १८५६ सालच्या उन्हाळ्यात इल्फ्रॅकूमच्या किनाऱ्यावर समुद्रजीव गोळा करण्यात जॉर्ज इलियटही रमल्या होत्या, हे इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकांना ठाऊक असेलच.

या पेट्यांत सुरुवातीला ज्यांची वस्ती होती ते जीव म्हणजे समुद्रफुले, खेकडे, गोगलगायी आणि खडकांच्या डबक्यांतले काटक मासे. समुद्रफुलाला मांसाचा तुकडा दिला तरी चालते आणि खेकडा तर मेलेलेच शोधत फिरतो. त्यामुळे अन्नाचा प्रश्न चिमटाभर मांसाने सुटत असे आणि रूपकाला कोठे तडा जात नसे. काचेच्या चार भिंतींत बंद केलेला, स्वतःचा स्वतः चालणारा समुद्र! ईश्वराच्या सुसूत्र रचनेवर श्रद्धा असलेल्या गॉस यांच्यासारख्या निसर्गवेत्त्याला आणि गृहसौख्यावर विश्वास असलेल्या मध्यमवर्गाला हे चित्र सारखेच भावले, यात नवल नाही.

परंतु याच काळातली आणखी एक नोंद या चित्राशेजारी ठेवून पाहावी. ॲना थिन ही वेस्टमिन्स्टरच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ साली तिने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळजीव लंडनला नेले आणि ते तेथे जगवले. हे तिने कसे साधले, ते १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या टिपणात दिलेले आहे. तिच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीजवळ उभी राहून ते समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, रोज अर्धा-पाऊण तास. त्या पाण्यातला प्राणवायू तिच्या दोन हातांनी आला होता. समतोलाच्या सिद्धान्तात त्या हातांना जागा नव्हती. आमच्या मते मत्स्यालयाच्या इतिहासातले हे पहिले महत्त्वाचे मौन होय. आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेचे वर्णन बहुधा ती व्यवस्था चालवणारा माणूस वगळूनच करता येते.

दुसरे मौन किनाऱ्याविषयीचे आहे. पेटीतले जीव मरत, आणि मेलेल्यांची जागा किनाऱ्यावरून आणलेले नवे जीव घेत. समतोल टिकत असे तो या न थांबणाऱ्या पुरवठ्यावर. त्याची किंमत कोणी मोजली, हे फिलिप गॉस यांच्या मुलाने पुढे लिहून ठेवले. एडमंड गॉस हे नाव भारतीय इंग्रजी कवितेच्या वाचकांना अपरिचित नाही. तोरू दत्त यांच्या १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या काव्यसंग्रहाला प्रस्तावना लिहिणारे आणि तरुण सरोजिनी नायडूंना सल्ला देणारे ते हेच. त्यांचे 'फादर अँड सन' हे आत्मकथन १९०७ साली आले. त्यात त्यांनी बालपणी पाहिलेल्या डेव्हनच्या खडकांमधल्या डबक्यांचे वर्णन केले आहे आणि वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या हौशी संग्राहकांच्या फौजेने ती डबकी कशी लुटली, हेही सांगितले आहे. वडिलांना याचे फार दुःख होते, असेही ते नमूद करतात. 'फादर अँड सन' आपण श्रद्धा आणि बंड यांच्या संघर्षाची कहाणी म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण समतोलाच्या रूपकाला त्या रूपकाच्या घरातूनच मिळालेले उत्तर म्हणूनही त्यातले ते पान वाचता येते.

३

जिवंत अन्नाच्या प्रश्नाला पहिले खरे उत्तर समुद्रातून आलेच नाही. ते मिठागरांतून आले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिमिंग्टन येथे पूर्वी मिठागरे होती. तेथील अतिखाऱ्या पाण्यात तरंगणाऱ्या एका इवल्याशा कोळंबीवजा जीवाचे वर्णन श्लोसर या निरीक्षकाने १७५५ साली केले. लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले आणि पुढे १८१९ साली लीच या प्राणिशास्त्रज्ञाने आज रूढ असलेले 'आर्टेमिया' हे नाव दिले. मीठ पिकवणाऱ्या कामगारांना हा जीव आधीपासूनच ठाऊक होता. त्याच्या वळवळीने खारे पाणी निवळते, अशी त्यांची समजूत होती आणि त्या समजुतीला धरून त्यांनी त्याला नावही दिले होते. १८६५ साली लिमिंग्टनची शेवटची मिठागरे बंद पडली, आणि तो जीवही तेथून नाहीसा झाला. माणसाने आटवलेल्या पाण्यात वसलेला जीव माणसाचा धंदा उठताच उठून गेला.

आर्टेमियाचे वैशिष्ट्य तिच्या अंड्यांत आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की मादी कठीण कवचाची सुप्त अंडी घालते. ही अंडी पाव मिलिमीटरहूनही लहान असतात. एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लाख मावतात. ती कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकतात, आणि खाऱ्या पाण्यात २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाला हवेचे बुडबुडे सोडत ठेवली की साधारण एका दिवसात त्यांतून अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, नारिंगी रंगाची, सतत हालणारी पिल्ले बाहेर पडतात. डब्यात भरून फडताळात ठेवता येईल असे हे जिवंत अन्न आहे. त्याचा उपयोग माशांसाठी होतो, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे अधीक्षक ॲल्विन सील यांनी १९३३ साली मांडले, आणि १९३९ मध्ये नॉर्वेच्या गुन्नार रोलेफसेन यांनी समुद्री माशांची पिल्ले या अन्नावर वाढवून दाखवली. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठची मिठागरे आणि युटामधील ग्रेट सॉल्ट लेक येथून ही अंडी जगभर जाऊ लागली. आज घरगुती शौकिनांच्या बोलण्यात 'ब्राइन श्रिम्प' म्हणून येणारा जीव तो हाच.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, सी. व्ही. कुलकर्णी यांनी वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया आढळल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. भारतातील आर्टेमियाची ही पहिली नोंद समजली जाते. मुंबई-ठाण्याच्या आगरांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आगरी माणसांच्या पायांशी हा जीव किती काळ वळवळत असेल! लिमिंग्टनप्रमाणे येथेही विज्ञानाने त्याला पाहिले ते फार उशिरा.

४

अंड्यांचा डबा हाती आल्यावर जिवंत अन्नाचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले. मासे खात होते, पोटे नारिंगी दिसत होती. तरीही त्यांतले पुष्कळ मरत होते. समुद्रघोडे पाळणाऱ्यांना हा अनुभव वारंवार आला. मासा रोज पोटभर खातो आणि काही आठवड्यांत खंगून जातो. त्याच्या पिल्लांचे हाल तर त्याहून वाईट. नर समुद्रघोड्याच्या पोटपिशवीतून एका वेळी डझनांनी, काही जातींत शेकड्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि पहिल्याच दिवसापासून स्वतः शिकार करू लागतात. ती खात खातच मरत.

याचे उत्तर घरगुती पेटीत सापडले नाही. ते सापडले खाण्याच्या माशांची पैदास करणाऱ्यांना. १९७० च्या दशकात समुद्री मत्स्यशेती वाढली, आर्टेमियाच्या अंड्यांची टंचाई झाली, आणि निरनिराळ्या सरोवरांतली अंडी वापरात आली. तेव्हा लक्षात आले की एका ठिकाणच्या आर्टेमियावर पिल्ले जगतात आणि दुसऱ्या ठिकाणच्या आर्टेमियावर मरतात. १९७८ साली बेल्जियममधील गेंट विद्यापीठात पॅट्रिक सॉर्गेलूस यांच्या पुढाकाराने आर्टेमियाच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. त्याच सुमारास जपानमध्ये वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जीवातल्या मेदाम्लांचे पृथक्करण केले. समुद्री माशांना काही दीर्घशृंखल मेदाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात. खुल्या समुद्रात ती सूक्ष्म शैवलांपासून प्राणिप्लवकांत आणि तेथून माशांत येतात. आर्टेमिया ही मिठागरांची आणि खाऱ्या सरोवरांची रहिवासी. तिच्या अंगात ही मेदाम्ले असतीलच अशी खात्री नाही, आणि त्यांतले सर्वांत आवश्यक असे एक तर जवळपास नसतेच. समुद्रघोड्याचे पोट भरत होते. त्याच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारे द्रव्य त्या घासांत नव्हते.

यावरचा उपायही आर्टेमियाच्या शरीरानेच सुचवला. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू काहीच खात नाही. त्याचे तोंडच अजून उघडलेले नसते. ते अंड्यातल्या बलकावर जगते, आणि तो बलक तासागणिक सरत जातो. म्हणून ताजे पिल्लू पौष्टिक, आणि काल निघालेले उपाशी पिल्लू म्हणजे जवळजवळ रिकामे टरफल. आठ-दहा तासांनी कात टाकल्यावर त्याचे तोंड उघडते. मग मात्र ते पाण्यात जे तरंगेल ते गाळून पोटात घेते. तेव्हा त्याला सूक्ष्म शैवल किंवा मत्स्यतेलाचे बारीक तवंगकण खाऊ घातले तर ते पुढच्या जीवासाठी भरलेली शिदोरी बनते. अन्नालाच आधी जेवू घालायचे, ही या व्यवसायातली मोठी शिकवण ठरली.

जपानमधल्या आणखी एका शोधाचा येथे उल्लेख करायला हवा. तेथील ईलमाशांच्या तळ्यांत ब्रॅकिओनस नावाचा, केसाच्या जाडीपेक्षा थोडा मोठा असा रोटिफर मातत असे. तो तळ्यातले हिरवे शैवल फस्त करी, म्हणून तळेवाल्यांच्या लेखी तो उपद्रवी होता. १९६० च्या सुमारास ताकाशी इतो यांनी हाच जीव समुद्री माशांच्या सर्वांत लहान पिल्लांचा पहिला घास म्हणून वापरला. ज्याला तळ्यातून घालवण्यासाठी माणसे झटत होती, त्याला वाढवण्यासाठी आता ती झटू लागली. आर्टेमियाचे पिल्लू ज्या तोंडात मावत नाही, त्या तोंडाचा प्रश्न यामुळे सुटला.

५

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समतोलाचे रूपक नवा वेष घेऊन परत आले. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी एका अमेरिकन नियतकालिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेला खडक आणि हवेचा हलका प्रवाह यांवर त्यांची टाकी चालत असे. हा जिवंत खडक पुढे युरोप-अमेरिकेतल्या प्रवाळटाक्यांचा पाया झाला. त्याच्या छिद्रांत जिवाणू होते, स्पंज होते, आणि कोपेपॉड नावाचे वाळूच्या कणाएवढे कवचधारी जीवही होते. पाहणाऱ्याला वाटले, आता खरोखरच समुद्राचा एक तुकडा घरात आला.

या तुकड्याची परीक्षा घेतली ती मँडरिन माशाने. निळ्या अंगावर नारिंगी-हिरव्या नागमोडी रेषा असलेला हा बोटभर लांबीचा मासा फिलिपाइन्समधून आणलेल्या नमुन्यांवरून ॲल्बर्ट हेर यांनी १९२७ साली शास्त्राला परिचित करून दिला. तो दिवसभर खडकावरून सरकत सरकत एकेक कोपेपॉड टिपत असतो. टाकीत सोडल्यावर पहिले काही आठवडे तो मजेत दिसतो, कारण खडकात कोपेपॉड असतात. लहान टाकीत मात्र तो त्यांना त्यांच्या पैदाशीच्या वेगापेक्षा लवकर संपवतो. मग त्याचे पोट आत जाते, पाठीच्या कडा वर येतात, आणि दोन-तीन महिन्यांत तो जातो. पाणी निर्मळ, प्रवाळ फुललेले, सारी मापने उत्तम, आणि त्या साऱ्याच्या मध्यभागी उपासमार! आमच्या दृष्टीने समतोलाच्या रूपकाचे इतके स्पष्ट खंडन दुसरे नाही.

म्हणून जाणत्या शौकिनांनी मुख्य टाकीला जोडलेली एक दुसरी, बिनमाशांची टाकी ठेवायला सुरुवात केली. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांच्या प्रयोगांतून आणि १९९१ सालच्या 'डायनॅमिक अक्वेरिया' या ग्रंथातून ही कल्पना पसरली. या आश्रयटाकीत समुद्रशैवल वाढते, त्याच्या आडोशाला कोपेपॉड निर्धास्तपणे वाढतात, आणि प्रवाहाबरोबर थोडेथोडे माशाकडे जातात. त्याखेरीज काचेच्या बाटल्यांत हिरव्या शैवलाची पैदास करावी लागते. त्या शैवलावर कोपेपॉड आणि रोटिफर पोसावे लागतात. एक बाटली नासली तर काम अडू नये म्हणून दुसरी, तिसरी बाटली राखावी लागते. कोपेपॉडची नवी पिढी तयार व्हायला जातीनुसार दीड ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे आज माशाने खायचे ते गेल्या महिन्यात पेरलेले असावे लागते. आर्टेमियाची अंडी रोज एका भांड्यात भिजत घालायची, टरफले वेगळी करायची, पिल्लांना तोंड फुटल्यावर आधी त्यांना जेवू घालायचे, मग गाळून, धुऊन दिवसातून दोन-तीनदा समुद्रघोड्यापुढे ठेवायचे. सुटीवर जायचे तर हे सारे शेजाऱ्याला शिकवून जायचे. वेळापत्रकाच्या दृष्टीने हा उद्योग पशुपालनाला आणि शेतीला जवळचा आहे. काचेमागचे दृश्य शोभेचे असले, तरी त्यामागे एक गोठा चालू असतो.

६

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात आणि हवाई बेटावरील कोना येथे समुद्रघोड्यांची पैदास करणारी केंद्रे सुरू झाली. तेथे जन्मलेल्या पिल्लांना मोठेपणी गोठवलेले अन्न खाण्याची सवय लावली जाते. हे अन्न म्हणजे प्रामुख्याने मायसिस, दिसायला आपल्या जवळ्याच्या वळणाचा. १९९६ साली स्थापन झालेल्या 'प्रोजेक्ट सीहॉर्स'च्या अमँडा व्हिन्सेंट आदी अभ्यासकांनी वन्य समुद्रघोड्यांच्या व्यापाराचे भयावह स्वरूप पुढे आणले होते. पारंपरिक औषधांसाठी वाळवलेले समुद्रघोडे हा त्या व्यापाराचा सर्वांत मोठा भाग. २००२ मध्ये सायटीस कराराखाली या व्यापारावर निर्बंध ठरले आणि ते २००४ पासून लागू झाले. भारताने त्याआधीच, २००१ साली, समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घेतले. तेव्हापासून आपल्या समुद्रातून त्यांना पकडणे हा गुन्हा आहे. परदेशी शौकिनाने पैदाशीचा समुद्रघोडा घ्यावा, त्याला गोठवलेला मायसिस द्यावा, आणि समुद्राला हात लावू नये, असा सल्ला आता दिला जातो. तो शहाणपणाचा आहे, याविषयी आम्हांला शंका नाही.

पण त्या मायसिसचा माग घेतला की इतिहास पुन्हा समोर येतो. बाजारात नावाजलेला मायसिस कॅनडातील ओकानागन सरोवरातून येतो. तो तेथला मूळ रहिवासी नाही. कोकनी या साल्मन जातीच्या माशांना मुबलक खाद्य मिळावे म्हणून १९६६ साली माणसांनी तो त्या सरोवरात सोडला. मायसिस दिवसा खोल तळाशी बसतो आणि रात्री वर येतो. कोकनी मासा उजेडात पाहून खातो. त्यामुळे खाद्य म्हणून सोडलेला मायसिस माशांच्या तोंडी फारसा लागलाच नाही. उलट माशांची पिल्ले ज्या प्राणिप्लवकांवर जगत, तेच तो खाऊ लागला, आणि कोकनीची संख्या घसरत गेली. अखेर सरोवरातून मायसिस काढून घेण्यासाठीच मासेमारीला उत्तेजन देण्यात आले, आणि तो गोठवून जगभरच्या मत्स्यपेट्यांसाठी विकला जाऊ लागला. एका माशाला खाऊ घालण्याच्या नादात उपासमार घडवणारा जीव आता दुसऱ्या माशाची उपासमार टाळतो आहे.

आर्टेमियाच्या बाबतीतही असेच घडले. मत्स्यशेतीसाठी आणलेली अमेरिकन जात भारतातल्या मिठागरांत पसरली आणि येथल्या मूळ आर्टेमियाला तिने अनेक ठिकाणांहून हुसकावले, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. डब्यातले अन्न डब्यातच राहिले नाही.

या साऱ्यातून साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे? रूपके निरुपद्रवी नसतात, हे तर आपण वर्गात नेहमीच सांगतो. येथे एका रूपकाने किती काळ काय झाकून ठेवले, हे जवळजवळ मोजून दाखवता येते. 'समतोल' या शब्दाने मोलकरणीचे हात झाकले, डेव्हनचा किनारा झाकला, आणि पोटभर खाऊन मरणाऱ्या माशाचे मरण तर दीर्घकाळ केवळ दुर्दैव म्हणून खपवले. ते झाकण दूर केले ते मेलेला घास नाकारणाऱ्या माशांनी. पाळणाऱ्याला त्यांनी बाटल्या, गाळण्या आणि घड्याळ यांच्याकडे वळवले, आणि पेटीतला समुद्र पेटीबाहेरच्या कितीतरी गोष्टींवर तगतो हे कबूल करायला लावले.

अनुभवी शौकीन नवख्याला एक साधा क्रम सांगतात: आधी शैवल वाढवा, मग त्यावर जगणारे जीव वाढवा, ते महिनाभर न नासता टिकले तर टाकी तयार करा, आणि मासा सर्वांत शेवटी आणा. दुकानातून येणारा क्रम नेमका याच्या उलट असतो. मत्स्यालयाचा इतिहास लिहितानाही हा पहिला क्रम पाळावा, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. काचेपासून सुरुवात करण्याऐवजी तो घासापासून सुरू करावा, आणि तो घास कोणाच्या हातून आला याची नोंद तळटीपेतून वर आणावी.